ताईची टिकली आणि सांडलेला रस्सा

अन्याय झाला तो माझ्या ऑफिसातल्या एका ताईवर. २०१५ साली, ईस्टरनंतरच्या तिसऱ्या रविवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, उपासना संपून चहा सुरू झाला तेव्हा. जागा सिंगापूर, नोव्हेनाजवळच्या एका चर्चचा तिसरा मजला, चहाच्या थर्मासपासून दोन पावलं. ताईच्या हातात चिवड्याची कागदी वाटी होती. इतकं नेमकं सांगते, कारण नंतर चारपाच जणांनी मला ऐकवलं की असं काही झालंच नसेल, कुणी सहज काहीतरी बोललं असेल. सहज वगैरे काही नव्हतं. मी शेजारी उभी होते, साखर ढवळत.

आमची मराठी मंडळी म्हणजे तीसेक माणसं. खालच्या मोठ्या सभागृहात इंग्रजी मंडळी भरते, आणि त्यांच्या मेहेरबानीनं आम्हाला वरची खोली रविवारी सकाळी दोन तास मिळते. बहुतेक जण नगर, सोलापूर, पुण्याकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांतले. कुणी बँकेत, कुणी अकाउंट्समध्ये, कुणी आयटीत. कुणी पर्मनंट रेसिडेंट झालेले, कुणी माझ्यासारखे एम्प्लॉयमेंट पास संपायच्या तारखेकडे डोळे लावून बसलेले. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळायचा. पुण्यात कॉलेजात असताना हॉस्टेलच्या पाण्यासाठी, बसथांब्यासाठी, रात्री दहाला बंद होणाऱ्या मुलींच्या गेटसाठी मी इतकी पत्रकं लिहिली की साधं बोलतानाही मी निवेदन देतेय असं लोकांना वाटतं.

ताई माझ्याच मजल्यावर, दुसऱ्या टीममध्ये होती. पुण्याची, हिंदू घरातली, नवरा आयटीत मॅनेजर, सहा वर्षांची मुलगी, आणि सासूबाई मदतीला म्हणून पुण्याहून येऊन राहिलेल्या. वडील गेल्यावर ताई दुपारच्या सुट्टीत ऑफिसजवळच्या एका चर्चमध्ये नुसती जाऊन बसायची. तिथे शांत असतं आणि एसी असतो, असं ती म्हणायची. पुढे ती पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला लागली, मोबाइलवर, मराठीतून. मग एक दिवस तिनं मला कॉफीच्या मशिनपाशी विचारलं, "तुमच्यात नवीन माणूस आलं तर चालतं का गं?" मी म्हटलं, चालतं काय, पळतं. घरी तिनं लपवलं नव्हतं. नवऱ्याला चाललं, सासूबाईंना चाललं नाही, पण त्या बोलल्या नाहीत. रविवारी सकाळी ती निघाली की त्या फक्त विचारायच्या, जेवायला आहेस ना?

पाचव्या रविवारी ती साक्ष द्यायला उभी राहिली. आमच्यात साक्ष म्हणजे लोक जन्मापासून सुरुवात करतात आणि पाळकसाहेब घड्याळाकडे बघायला लागतात. ताई तीन वाक्यं बोलली. "मला अजून प्रार्थना करता येत नाही. पण रोज सकाळी एमआरटीच्या गाडीत उभी राहून मी येशूशी बोलते. ऑफिस येईपर्यंत मन हलकं झालेलं असतं." आणि बसली. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, याला म्हणायचं साक्ष.

त्या दिवशीचा पाठ कोणता होता ते ऐका. अंत्युखिया शहरातल्या पहिल्या मंडळीचा. तिथे परक्या घरांतले लोक पहिल्यांदाच विश्वास ठेवायला लागले होते, आणि यरुशलेमहून एका माणसाला बघायला पाठवलं होतं, की हे काय चाललंय. कुणाचंच नाव लिहायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून त्याचंही लिहीत नाही. पण त्याचं टोपणनावच 'धीर देणारा' असं होतं. त्यानं त्या नव्या लोकांना बघितलं आणि त्याला आनंद झाला. त्यानं त्यांची झडती घेतली नाही. इथेच टिकून राहा, इतकंच सांगितलं. मग काम एकट्याच्यानं होईना, तेव्हा तो दुसऱ्या गावी जोडीदार शोधायला गेला, आणि लोक ज्याच्यापासून चार हात लांब राहायचे, नेमक्या त्याच माणसाला घेऊन आला.

हा पाठ मोठ्यानं, सुरेख आवाजात वाचला आमच्या चिटणीसकाकांनी. आणि तासाभरात तेच काका चहाचा कप घेऊन ताईपाशी आले. म्हणाले, "साक्ष छान झाली हं. पुढच्या वेळी तेवढी टिकली काढून या. लोकांना प्रश्न पडतो."

ताई हसली. चिवड्याची वाटी टेबलावर ठेवली, कपाळाला बोट लावून टिकली जागेवर आहे ना बघितलं आणि लिफ्टकडे गेली. मी काकांना काय म्हटलं ते इथे लिहीत नाही, कारण हे पुस्तक घरोघरी वाचलं जावं अशी माझी इच्छा आहे.

पुढच्या रविवारी ताई आली नाही.

सोमवारी मी तिच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. का आली नाहीस म्हणून विचारलं. ती म्हणाली, सध्या काम आहे गं. मी म्हटलं, काम वगैरे काही नाही, तुझा अपमान झालाय आणि तू गप्प बसलीस तर तो आणखी दहा जणींचा होईल. मग मी तिला टिकलीबद्दल, मंडळीच्या समितीबद्दल, बायकांच्या कपाळांवर पुरुषांनी चालवलेल्या कारभाराबद्दल दहा मिनिटं ऐकवलं. तिच्या टीममधला चिनी मुलगा हेडफोन घालून बसला. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू इतकी चिडतेस ना, की मलाच तुझी समजूत घालावी लागते."

मी जिन्यानं खाली रस्त्यावर उतरले. लिफ्ट चालू होती, तरी जिन्यानं.

तिची अडचण मला तोवर कळलीच नव्हती. सासूबाईंच्या लेखी सुनेचं कपाळ मोकळं म्हणजे त्यांच्या मुलाच्या जिवाचं अशुभ. टिकली काढली तर घर मोडणार, ठेवली तर मंडळी तोंड वाकडं करणार. आणि विश्वास कोवळा, पाच रविवारांचा. तो कुठल्याही बाजूनं ओढला तरी तुटला असता. म्हणजे तिला परत आणायचं होतं, तेही तिच्या घरात भांडण न लावता. मी या कामाला नालायक होते. भांडण न लावता मी कधी काही केलेलंच नव्हतं.

म्हणून जोडीदार शोधायला लागले. आधी समितीतल्याच बँकवाल्या दादांना विचारलं. ते म्हणाले, प्रार्थना करू या. मी म्हटलं, करू या, आणि मग शनिवारी तिच्याकडे जाऊ या. त्यांना शनिवारी बॅडमिंटन होतं. एका वहिनींना विचारलं, तर त्या म्हणाल्या की चिटणीसकाका मनानं फार चांगले आहेत. मी मनाचा प्रश्न काढलाच नव्हता. शेवटी आमचे हिशेब बघणारे एक आजोबा, तेच चष्मा पुसणारे, हळूच म्हणाले की हे असलं काम पूर्वी मावशी करायची. कोण मावशी? आंग मो कियोला राहते, नोव्हेनाच्या हॉस्पिटलात नर्स आहे. मग येत का नाही? तर म्हणे, तिच्या रविवारी शिफ्ट असायच्या, त्यावरून कुणी काहीबाही बोललं, सहा वर्षं झाली.

सहा वर्षं. हॉस्पिटल आमच्या चर्चपासून चालत दहा मिनिटांवर. मला तिथल्या तिथे पत्रक सुचलं.

आणि ते मी लिहिलंही. त्याच संध्याकाळी. 'मंडळीत नवीन आलेल्यांच्या कपाळाकडे बघणाऱ्यांना जाहीर सवाल' असा मथळा, खाली दोन पानं, शेवटी माझा फोन नंबर, कारण निनावी पत्रकाला मी पत्रक मानत नाही. ताईचं नाव नव्हतं, पण 'गेल्या महिन्यात साक्ष देणारी एक भगिनी' असं होतं. चाळीस प्रती काढल्या आणि पुढच्या रविवारी चहाच्या वेळी वाटायच्या म्हणून पिशवीत भरल्या. ती पिशवी खांद्याला लावूनच आंग मो कियोला गेले.

मावशी नवव्या मजल्यावर राहायच्या. दार उघडलं ते साठीच्या, ठेंगण्या, केस बारीक कापलेल्या बाईनं. आत कुकर होत होता. मी कोण, कुठली, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तीन शिट्ट्या होऊ दे, मग बोल. तीन शिट्ट्या झाल्यावर मी बोलले, पंधरा मिनिटं. मग पत्रक दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, मधे एकदा हसल्या, तेही मी जिथे सगळ्यात गंभीर होते तिथे.

"छान लिहितेस," त्या म्हणाल्या. "आता मला सांग, तुला ती पोरगी परत यायला हवीय, का त्या माणसानं मान खाली घालायला हवीय?"

मी म्हटलं, दोन्ही.

"एक सांग."

कुकरची वाफ जाईपर्यंत मी पत्रकाकडे बघत राहिले. मग म्हटलं, ती यायला हवीय.

"मग हे पिशवीत ठेव आणि बाहेर काढू नकोस."

मी विचारलं, तुमच्यावर पण अन्यायच झाला ना, सहा वर्षं कुणी फिरकलं नाही. त्या म्हणाल्या, झाला की. मग गॅसकडे वळून म्हणाल्या, "पण तू आलीस ना. आता तेच उगाळत बसू का काम करू?" त्या मूळच्या सोलापूरकडच्या, घरातल्या पहिल्याच विश्वासणाऱ्या. त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांत नर्सिंग होस्टेलमधली एक सिस्टर दर गुरुवारी येऊन त्यांच्याबरोबर नुसती भाजी निवडायची. मेथी निवडून होईपर्यंत शास्त्रातलं एक पान. प्रवचन नाही, शंका विचारली तरच उत्तर. तीच त्यांची पद्धत. त्या म्हणाल्या, नवीन माणसाला आधी आपल्या माणसांत बसल्यासारखं वाटू दे, बाकी देव बघेल, त्याला तुझ्याइतकी घाई नाही.

पण ताईच्या घरी जायचं कसं? घरात सासूबाई. चर्चची माणसं म्हणून गेलो तर दारातूनच बोळवण. मावशींनी विचारलं, सासू कुठली? पुण्याची. निवृत्त शाळामास्तरीण. मावशी म्हणाल्या, मग सोपंय. आणि त्यांनी स्टीलचा डबा काढला.

आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत जात नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. सिंगापुरात तर नाहीच नाही, कारण इथे डबा पाठवणारा शेजारीच मिळत नाही. मावशींनी सासूबाईंसाठी डबाभर शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकऱ्या दिल्या, एका सोलापूरकडच्या बाईनं पाठवलंय म्हणून सांग, एवढाच निरोप. मी तो ताईला ऑफिसात दिला. तिसऱ्या दिवशी डबा परत आला, कोथिंबीर वड्यांनी भरून, आणि वर निरोप, की चटणीत लसूण जरा जास्त आहे, पण अशी चटणी दीड वर्षात खाल्ली नव्हती. मावशींनी वडी खाल्ली, म्हणाल्या, बाई हाडाची शिक्षिका आहे. लगेच मार्क देते.

ताई मात्र त्याही रविवारी आली नाही. मी ऑफिसात तिला आता काही विचारत नव्हते. मावशींनी तोंडाला कुलूप घालायला सांगितलं होतं. एकदा तीच म्हणाली, एमआरटीत बोलते अजून, पण हल्ली असं वाटतं की मी चोरून बोलतेय. हे मी त्याच संध्याकाळी मावशींना सांगितलं, तर त्या पहिल्यांदाच गंभीर झाल्या. म्हणाल्या, फार दिवस लावून चालणार नाही. या वेळी डबा तू स्वतः घेऊन जा, घरी. मी हॉस्पिटलातलं काम आटपून मागून येते. आत बसायचं, खायचं, उठायचं. एक अक्षर बोलायचं नाही.

तो शनिवार. मावशींनी केला पाटवडीचा रस्सा. वड्या वेगळ्या, रस्सा वेगळ्या डब्यात, काळ्या मसाल्याचा, वर बोटभर तर्री. मी आंग मो कियोहून निघाले, बिशानला गाडी बदलून सर्कल लाइन धरली. बसायला जागा मिळाली, डबा मांडीवर. दोन स्टेशनं गेली आणि मांडीला गरम लागलं. बघते तर झाकणाच्या कडेनं रस्सा निघालेला.

सिंगापूरच्या एमआरटीत खाण्यापिण्याला दंड आहे; पाण्याची बाटली तोंडाला लावतानाही लोक इकडेतिकडे बघतात. तिथे माझ्या मांडीवरून तर्री निघालेली, आणि समोर बसलेल्या चिनी काकू त्या लाल रेघेकडे टक लावून बघतायत. त्यांनी मला एक टिश्यू दिला. एका टिश्यूनं काय होणार. मी पिशवीत हात घातला, हाताला कागद लागले, ते काढले आणि डब्याभोवती गुंडाळले. एक, दोन, पाच, आठ. वरून रबरबँड. बुओना व्हिस्टाला उतरले तेव्हा मला माझंच कौतुक वाटत होतं.

ताईच्या कॉन्डोत, म्हणजे सोसायटीतल्या फ्लॅटवर, दार उघडलं सासूबाईंनी. ताई मुलीला घेऊन पोहायच्या क्लासला गेली होती. मी डबा दिला, सॉरी म्हटलं, जरा सांडलाय. त्या म्हणाल्या, असू दे, काढून ठेवते. बस, पाणी देते. मी पाणी प्यायले, पाच मिनिटं सिंगापूरच्या उकाड्यावर बोलले, आणि घामानं, रश्शानं चिकट झाल्यामुळे म्हटलं, कपडे बदलून मावशींबरोबरच येते परत. माझी खोली तिथून तीन बसस्टॉपवर होती. मी आंघोळ करून केस पुसत होते आणि पिशवी रिकामी करायला घेतली. पत्रकं मोजली नाहीत. पण जाडी बघूनच कळलं, काही कमी आहेत आणि ती कुठे गेली.

जिला दीड वर्षात मराठी वर्तमानपत्र हातात मिळालं नाही, अशी निवृत्त शाळामास्तरीण. तिच्या घरात मी छापील मराठीत गुंडाळलेला डबा ठेवून आले होते. भेळेचा कागदसुद्धा सरळ करून वाचणारी आपली माणसं. ती न वाचता टाकेल?

फोन वाजला. अनोळखी नंबर.

"तो कागद तुम्हीच लिहिलाय का?" ताईच्या सासूबाईंचा, म्हणजे काकूंचा आवाज. मी हो म्हटलं. खोटं बोलायला जमत नाही, आणि नंबर माझाच होता. मागून मुलीचा सिंगापुरी इंग्रजीतला आवाज आला, "आज्जी इज व्हेरी अँग्री लाह." म्हणजे ताई घरी पोचली होती.

"तेल लागलंय, तिसरा परिच्छेद दिसत नाही," काकू म्हणाल्या. "काय आहे तिसऱ्या परिच्छेदात?"

मला पाठच होतं, म्हणून सांगितलं. तिसऱ्या परिच्छेदात टिकली काढून या असं नेमकं कोण, कुठे, किती वाजता म्हणालं ते होतं.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "सून मला म्हणाली ऑफिसात काम आहे म्हणून जात नाही. मी मनातून खूश झाले होते. मला वाटलं, सुटलं एकदाचं. म्हणजे ती तिथून अपमान घेऊन आली आणि इथे मी खूश होते." मग मास्तरिणीचा आवाज परत आला. "आणि इतकी उद्गारचिन्हं कशाला घातलीस? साधं लिहिलं तरी राग कळतो. त्या मावशींना घेऊन ये. रस्सा गरम करते."

मी मावशींना फोन करून सगळं कबूल केलं. त्या नोव्हेनाच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या होत्या. मला वाटलं, आता मिळतात शिव्या. त्या इतक्या हसल्या की त्यांची गाडी सुटली.

त्या संध्याकाळी जेवायला आम्ही सहा जण. ताईचा नवरा रस्सा ओरपत होता आणि या प्रकरणात आपण पडायचं नाही असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं. काकू आणि मावशी पहिल्या अर्ध्या तासात गोड्या मसाल्यावरून वाद घालून मैत्रिणी झाल्या होत्या. ताई मात्र खाली मान घालून मुलीला भरवत होती. शेवटी काकूंनीच विचारलं, सुनेकडे न बघता, "तुला जायचंय का तिथे?"

ताईनं घास खाली ठेवला. "जायचंय, आई."

"टिकली काढून?"

"नाही. मला काढायची नाहीये. मला तुमच्याशीही भांडायचं नाहीये आणि देवाशीही."

काकू म्हणाल्या, मला ते पटलेलं नाही, पटणारही नाही, माझे देव मला पुरेत. पण माझ्या घरची मुलगी कुठूनही मान खाली घालून परत आलेली मला चालणार नाही. उद्या मी येते. मावशींनी शेजारी बसलेल्या मला टेबलाखालून चिमटा काढला. मी तोंड उघडणार होते, हे त्यांना कसं कळलं देव जाणे.

दुसऱ्या दिवशी पेंटेकॉस्टच्या सणाचा रविवार. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट उघडली आणि आम्ही चौघी बाहेर आलो. पुढे काकू, इस्त्रीच्या सुती साडीत, मग ताई, मग सहा वर्षांनी मावशी, शेवटी मी, रिकाम्या पिशवीसकट. चष्मेवाले आजोबा मावशींना बघून उभे राहिले आणि उभेच राहिले. उपासना नीट झाली. काकूंनी गाणी म्हटली नाहीत, पण पुस्तकातले शब्द बोटानं वाचत गेल्या. उपदेश चालू असताना मावशी त्यांच्या कानात काहीतरी सांगत होत्या आणि दोघी तोंडाला पदर लावून हसत होत्या. पाळकसाहेबांनी दोनदा बघितलं.

चहाला काकू सरळ चिटणीसकाकांकडे गेल्या. मी मागोमाग. काकूंनी नमस्कार केला, मी हिची सासू, म्हणून सांगितलं. मग शाळेत विचारावं तसं शांतपणे विचारलं, "तिनं टिकली काढली असती, तर त्या दिवशी घरी तिनं मला काय सांगायचं होतं? तुम्ही काही ठरवलं होतं का?"

काकांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता नियम निघणार. पण ते वेगळंच बोलायला लागले. त्यांच्या आजीनं विश्वास ठेवला तेव्हा कुंकू पुसलं होतं. त्यावरून तिला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं, माहेरच्यांनी दार लावून घेतलं होतं. मोकळं कपाळ ही त्यांच्या घरात मोठ्या मानाची गोष्ट होती. लहानपणापासून ते हेच ऐकत आले होते. हे मला माहीत नव्हतं. माझ्या दोन पानांत याला कुठेच जागा नव्हती.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मग कपाळावरून माणसाला बाहेर काढलं की कसं वाटतं, ते तुम्हाला तर आधी कळायला हवं होतं."

काकांनी मान खाली घातली. ज्यासाठी मी चाळीस प्रती काढल्या होत्या ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं, आणि खरं सांगते, मला त्याचा काही आनंद झाला नाही. आनंद झाला तो पुढच्या गोष्टीचा. काका ताईकडे वळले, चुकलं माझं म्हणाले, आणि खिशातून पाठ वाचणाऱ्यांची यादी काढली. पुढच्या रविवारी त्यांचं स्वतःचं नाव होतं. त्यांनी ते खोडलं आणि विचारलं, "तुम्ही वाचाल का?"

ताईनं वाचला. जरा अडखळत, टिकली लावून. पुढच्या वर्षी तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मधल्या काळात पुण्याला परतलेल्या काकू त्यासाठी आल्या नव्हत्या, तिकडच्या मे महिन्याला कंटाळून आल्या होत्या, असं त्यांनी सगळ्यांना बजावून सांगितलं. मावशींच्या शिफ्ट आता आम्ही भिंतीवर लावतो आणि बैठकी त्या बघून ठरवतो. आणि दर शनिवारी मावशी नि मी कुणा ना कुणाकडे जातो. त्या बोलतात, मी भाजी निवडते. कुणाला सरकारी ऑफिसात पत्र लिहायचं असेल तरच मला बोलायला देतात. चार वर्षांत आम्ही दोघींनी मिळून सात घरं धरून ठेवली. दोन सुटली. त्या दोन घरांतल्या माणसांची नावं मला तोंडपाठ आहेत, आणि ती सुटली ती आमच्या आळसानं. दुसरं काही कारण नाही.

आता तुम्ही. तुमच्याही मंडळीत गेल्या वर्षी कुणीतरी नवीन आलं होतं. तीनचार रविवार दिसलं, मग दिसेनासं झालं, आणि तुम्ही म्हणालात, कामात असेल. तुम्हाला त्या माणसाचा चेहरा आत्ता आठवतोय. हे पुस्तक बंद करा. ज्याच्याशी तुमचं फारसं जमत नाही, पण ज्याला माणसांपाशी बसता येतं, अशा एकाला आधी फोन लावा आणि या शनिवारी त्याला सोबत घेऊन त्या घरी जा. प्रार्थना करून मग बघू, असं मला सांगू नका. जा.